कामगार-तक्रार निवारण

नोकरीच्या अटी, कामाची परिस्थिती किंवा वरिष्ठांची वागणूक यांमुळे एखाद्या कामगाराच्या अथवा कामगारांच्या लहान गटाच्या मनात निर्माण झालेले असमाधान व्यवस्थापनापुढे मांडणे, त्याची शहानिशा होणे आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर निर्णय मिळणे, यांसाठी आखून दिलेल्या रीतीला तक्रार-निवारण पद्धती असे म्हणतात. तक्रार आणि मागणी यांत भेद करणे आवश्यक आहे. वेतनवाढ, बोनस, कामाचे तास कमी करणे यांसारख्या मागण्यांत कामगार आजवर नसलेले काहीतरी मागत असतो व त्या सामान्यतः सर्वांच्या वतीने केल्या जातात. तक्रारीत मात्र कायदा, करार, स्थायी आदेश किंवा रूढी यांनी जे आधीच मान्य झालेले आहे, तेच आपल्याला नाकारले गेले असे एका माणसाचे म्हणणे असते. कापलेला दंड, नाकारलेली रजा, हुकलेली बढती, मुकादमाची शिवीगाळ, चुकीचा मांडलेला खाडा ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. अशी तक्रार करणारा माणूस एकटा असतो आणि ज्याच्याविरुद्ध ती करावयाची, त्याच्याच हाताखाली त्याला दुसऱ्या दिवशी उभे राहावयाचे असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ मध्ये संमत केलेल्या तक्रार-तपासणीविषयक शिफारशीत (क्र. १३०), तक्रार मांडल्यामुळे कामगाराचे कोणतेही नुकसान होता कामा नये, या तत्त्वाला अग्रस्थान दिलेले आहे. भारतात या तत्त्वाचा प्रवास कसा झाला, हे मुंबई आणि अहमदाबाद येथील कापडगिरण्यांच्या इतिहासात सर्वांत स्पष्टपणे पाहावयास मिळते.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु गिरणीचा मालक अथवा व्यवस्थापक आणि कामगार यांचा प्रत्यक्ष संबंध जवळजवळ येतच नसे. कामगाराला कामावर घेणे, त्याच्याकडून काम करून घेणे, रजा देणे व काढून टाकणे हे सर्व अधिकार व्यवहारात जॉबर किंवा मुकादम यांच्या हाती होते. वाइंडिंगसारख्या खात्यांतील स्त्रियांवर ‘नायकीण’ असे व तिचे अधिकारही तसेच असत. काम मिळविण्यासाठी, टिकविण्यासाठी व बदलीवरून कायम होण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. पुष्कळदा जॉबर हा कामगाराच्याच गावचा किंवा जातीचा असे. चाळीतील खोली, उधारी, अडीअडचणीला मदत याही गोष्टी त्याच्याच मार्फत होत. त्यामुळे ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तोच तक्रार वर नेणारा एकमेव दुवा होता. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळातील कामगार निमूट राहत, काम सोडून गावी निघून जात किंवा एकदम खातेच्या खाते बंद पाडीत, याचा उलगडा होतो. मधला मार्ग नव्हता. अनेक लहान संपांचे निमित्त एखाद्याची बडतर्फी किंवा दंड एवढेच असे.

दंडाचा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा होता. विणलेल्या कापडात दोष आढळल्यास ते कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत वेतनातून वळती करण्याची प्रथा होती. दोष सुताचा, यंत्राचा की हाताचा, हे ठरविताना विणकराला विचारले जाईलच अशी खात्री नसे. वेतनप्रदान अधिनियम, १९३६ यान्वये या प्रकाराला आळा बसला. शासनाने मान्य केलेल्या व सूचनेद्वारे जाहीर केलेल्या कृत्यांसाठीच दंड करता येईल, तो रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असणार नाही, दंडाची रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्च करावी लागेल आणि दंडापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे या अधिनियमाने ठरविले. यांतील शेवटची तरतूद लहान दिसली, तरी तिचे महत्त्व मोठे आहे. एकट्या कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याच्याविरुद्ध निर्णय घेता येणार नाही, ही कल्पना येथे दंडापुरती का होईना, पण कायद्याच्या भाषेत आली.

तत्पूर्वी गाऱ्हाण्यांना सार्वजनिक वाचा फोडण्याचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांना द्यावे लागेल. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि दीनबंधु या पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांनी काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेली होती. १८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने केवळ बालकामगारांना थोडेसे संरक्षण दिले होते. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सु. ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेच्या आत वेतन, अपघातग्रस्तांना भरपाई अशा त्यातील मागण्या आज अगदी साध्या वाटतात. किंबहुना त्यांतील बऱ्याचशा तक्रारीच होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मी येथे सु. १०,००० कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे यांची ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही आधुनिक अर्थाने कामगार संघ नव्हती. तिला नियमित वर्गणी व सभासदनोंदणी नव्हती. पण गाऱ्हाणे जॉबरला वळसा घालून नेता येते, हे तिने दाखवून दिले. पुढे कामगार हितवर्धक सभा व ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांची ‘सोशल सर्व्हिस लीग’ यांनीही अर्ज लिहून देणे, मालकांशी बोलणे अशी मध्यस्थी केली.

तक्रार-निवारणाचे पहिले सुसूत्र यंत्र मात्र अहमदाबादेत उभे राहिले. १९१८ मध्ये प्लेगबोनस बंद झाल्यावर तेथील कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली. महात्मा गांधींनी लढ्याचे नेतृत्व केले. अनसूया साराभाई (१८८५–१९७२) कामगारांच्या बाजूने, तर त्यांचे बंधू अंबालाल साराभाई मालकांच्या बाजूने उभे होते. गांधीजींच्या उपोषणानंतर वाद लवादाकडे गेला. त्यातून दोन गोष्टी निघाल्या : १९२० मध्ये स्थापन झालेला मजूर महाजन संघ आणि दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींचे कायम लवाद मंडळ. त्यावर कामगारांतर्फे स्वतः गांधीजी व मालकांतर्फे शेठ मंगळदास गिरधरदास होते. संघाच्या कार्यालयात प्रत्येक तक्रारीची नोंद होत असे. प्रथम संघाचा माणूस गिरणीत जाऊन खात्याच्या प्रमुखाशी व व्यवस्थापकाशी बोले. तेथे न मिटल्यास प्रश्न संघ व मालकमंडळ यांच्या पातळीवर जाई आणि अखेरीस लवादाकडे. मोठ्या वेतनविवादांबरोबरच नळाला पाणी नसणे, संडासांची घाण, मुकादमाची मारहाण अशा बारीकसारीक गोष्टीही या वहीत नोंदल्या जात, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होय. तिची मर्यादाही उघड होती. तक्रार कामगाराची असली, तरी ती पुढे न्यावयाची की नाही हे संघ ठरवी.

मुंबईत तसे घडले नाही. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सु. दीड लाख कामगार सामील झाले. या संपाच्या सतरा मागण्यांच्या जोडीने एक निराळाच प्रश्न पुढे आला. गिरणीमालकांनी कामाच्या अटींचे एकतर्फी स्थायी आदेश तयार केले होते आणि ते मान्य करण्यास कामगार तयार नव्हते. संपानंतर नेमलेल्या सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीने या आदेशांचा कलमवार विचार केला. संपकाळात उदयास आलेल्या गिरणी कामगार युनियनने प्रत्येक गिरणीत समित्या स्थापन केल्या. या समित्या खात्यांतील तक्रारी गोळा करीत व थेट व्यवस्थापकाकडे नेत. जॉबरच्या सत्तेला खात्यातच मिळालेले हे पहिले आव्हान होते. मालकांनी त्यांना मान्यता देण्याचे नाकारले. १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी नेत्यांना अटक झाली, एप्रिलमध्ये सुरू झालेला दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि समित्याही विस्कळीत झाल्या. अल्पकाळ चाललेला हा प्रयोग पुढील कोणत्याही कायद्याने पुन्हा केला नाही.

याच संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेली एक तक्रार या विषयाच्या इतिहासात स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. साचाखात्यात वेतन अधिक असे. परंतु तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते व त्यामुळे विटाळ होतो, हे कारण त्यासाठी पुढे केले जाई. येथे गाऱ्हाणे मालकाइतकेच सहकामगारांविरुद्ध होते. ज्या संघाने ते मांडावयाचे त्याचे बहुसंख्य सभासदच प्रतिपक्षी असतील तर काय करावे, या प्रश्नाला तत्कालीन संघटनांजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. तक्रार-निवारणाच्या बहुतेक योजना कामगार विरुद्ध मालक असे दोनच पक्ष गृहीत धरतात, ही उणीव तेव्हापासूनची आहे.

मजूरविषयक शाही आयोगाने (व्हिटली आयोग, १९२९–३१) आपल्या १९३१ च्या अहवालात जॉबरच्या भरतीच्या अधिकारावर कठोर टीका केली आणि कारखान्यांत मजूर अधिकारी नेमण्याची शिफारस केली. मुंबई शासनाच्या १९३४ च्या व्यवसाय-कलह समेट अधिनियमान्वये सरकारी मजूर अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. कामगारांची गाऱ्हाणी जाणून घेऊन ती मालकांपुढे मांडणे हे या अधिकाऱ्याचे विहित काम होते. त्याला तोड म्हणून गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी नेमला. १९३५ मध्ये बदली कामगारांना पत्रके देऊन त्यांच्यातूनच भरती करण्याची योजना सुरू झाली व जॉबरचा एक मोठा आधार ढिला झाला. अर्थात जॉबर एका रात्रीत नाहीसा झाला असे मुळीच नाही. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमाच्या अनुसूचीत मालक, त्याचे अभिकर्ते वा नोकर यांच्याकडून होणारी अन्याय्य वागणूक व ‘गैरवाजवी वसुली’ यांविरुद्ध दाद मागण्याच्या साधनांचा समावेश स्थायी आदेशांत असलाच पाहिजे, असे सांगितलेले होते. कायद्याच्या या रूक्ष शब्दांमागे दस्तुरीचा इतिहास उभा आहे, असे म्हणता येईल. शंभर वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो अधिनियम लागू झाला.

दरम्यान प्रांतिक स्वायत्ततेच्या काळात मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ चा औद्योगिक कलह अधिनियम संमत केला. समेटाच्या सर्व पायऱ्या पार पाडल्याखेरीज केलेला संप त्याने बेकायदा ठरविला व औद्योगिक न्यायालय स्थापन केले. संपाबद्दल शिक्षा करणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, अशी भूमिका आंबेडकरांनी विधिमंडळात घेतली; स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी निषेधाचा एक दिवसाचा संप केला. तथापि या धोरणाची दिशा पालटली नाही. अहमदाबादच्या मजूर महाजनाचे १९२२ पासून चिटणीस असलेले गुलझारीलाल नंदा (१८९८–१९९८) १९४६ मध्ये मुंबई प्रांताचे मजूरमंत्री झाले व त्यांच्या कारकीर्दीत मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ संमत झाला. प्रत्येक उद्योगात, स्थानिक क्षेत्रापुरता, एकच ‘प्रातिनिधिक संघ’ आणि कामगारांतर्फे बोलण्याचा सर्वसाधारणपणे त्यालाच अधिकार, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. अहमदाबादेत संघाचे हे स्थान कामगारांच्या विश्वासातून आलेले होते. मुंबईत ते नोंदणीपुस्तकातून आले. या फरकाची किंमत पुढे मोजावी लागली.

स्वातंत्र्याच्या सुमारास झालेल्या इतर कायद्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे आहे. औद्योगिक कलह अधिनियम, १९४७ ने शंभरांवर कामगार असलेल्या आस्थापनांसाठी उभयपक्षी कार्यसमित्यांची तरतूद केली. त्या बहुतांशी कागदोपत्री राहिल्या. कारखाना अधिनियम, १९४८ ने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. वेतन मालकाचे आणि कैवार कामगाराचा, अशी या अधिकाऱ्याची अवघड स्थिती आहे. अधिक गंभीर अडचण निराळीच होती. १९४७ च्या अधिनियमाखाली एकट्या कामगाराचा वाद हा आपोआप ‘औद्योगिक कलह’ ठरत नसे; संघाने किंवा पुरेशा सहकाऱ्यांनी तो आपला म्हणून उचलून धरावा लागे, असा न्यायालयांच्या निर्णयांचा कल होता व सर्वोच्च न्यायालयानेही १९५७ मध्ये तो नमूद केला. त्यामुळे संघाबाहेरच्या किंवा संघाला नकोशा झालेल्या कामगाराची बडतर्फी न्यायाधिकरणापर्यंत पोहोचतच नसे. १९६५ मध्ये कलम २-अ घालून सेवासमाप्तीच्या बाबतीत ही उणीव दूर करण्यात आली. १९७१ मध्ये आलेल्या कलम ११-अ ने बडतर्फीची शिक्षा अवाजवी वाटल्यास ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना दिला.

१९५७ ते १९६३ या काळात नंदा केंद्रीय मजूरमंत्री असताना अहमदाबादची परंपरा देशव्यापी स्वरूपात पुढे आली. १९५८ मध्ये उद्योगातील शिस्तसंहिता स्वीकारली गेली आणि तिच्या अनुषंगाने त्रिपक्षीय समितीने आदर्श तक्रार-निवारण पद्धती तयार केली. तिच्यानुसार कामगार आपली तक्रार प्रथम नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे तोंडी मांडतो व ४८ तासांत उत्तर मिळवतो. समाधान न झाल्यास तो खातेप्रमुखाकडे जातो व तेथे तीन दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. त्यानंतर उभयपक्षी तक्रार समिती सात दिवसांत शिफारस करते आणि व्यवस्थापन तीन दिवसांत आपला निर्णय कळविते. त्याच्या फेरविचारासाठी कामगाराला अपील करता येते व शेवटी प्रकरण ऐच्छिक लवादाकडे जाऊ शकते. पहिली पायरी तोंडी ठेवण्यातील शहाणपण नाकारता येणार नाही. लेखी अर्ज करताच माणूस ‘तक्रारखोर’ ठरतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. परंतु संहिता ऐच्छिक होती आणि ती मोडणाऱ्यास काही होत नसे. मोठ्या कारखान्यांत ती कमीअधिक पाळली गेली, लहान उद्योगांत तिचे नावही पोहोचले नाही. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर (१९०१–८१) यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय मजूर आयोगाने १९६९ च्या अहवालात साधी, लवचिक व कायद्याचा आधार असलेली पद्धती असावी अशी शिफारस केली. १९८२ मध्ये संसदेने तसा दुरुस्ती अधिनियम केलाही. पण तक्रारविषयक प्रकरण अमलात आणले गेले नाही.

महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट धरली. कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत १९७१ मध्ये केलेला अधिनियम सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. सूडबुद्धीने बदली करणे, वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून ठेवून कायम कामगारांचे लाभ नाकारणे अशा कृत्यांची यादी करून त्याने ती अनुचित ठरविली आणि कोणत्याही कामगाराला, शासनाने प्रकरण सोपविण्याची वाट न पाहता, ९० दिवसांत थेट न्यायालयात तक्रार करण्याची मुभा दिली. एकट्या माणसाच्या दृष्टीने पाहिल्यास हा त्या काळातील बहुधा सर्वांत उपयुक्त कायदा होता.

गिरण्यांतील जुने दुखणे त्याने बरे झाले नाही. तेथे १९४६ च्या अधिनियमाखालील राष्ट्रीय मिल मजदूर संघ हाच प्रातिनिधिक संघ होता आणि त्याच्यावर विश्वास नसलेल्या कामगाराला दुसरे दार नव्हते. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून धुमसू लागलेल्या असंतोषाचे पर्यवसान १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संपात झाले. सु. अडीच लाख कामगार त्यात उतरले. वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा अधिनियम रद्द करणे या मागण्या होत्या. शासन व मालक यांनी कायद्याकडे बोट दाखवून प्रातिनिधिक संघाखेरीज अन्य कोणाशी बोलणी करण्याचे नाकारले. संप विधिवत मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला आणि हजारो कामगार कायमचे बेकार झाले. गिरणधंद्याच्या ऱ्हासाची आर्थिक कारणे या संपापेक्षा जुनी व खोल आहेत, हे खरे. तथापि तक्रारीची वाट कायद्याने अरुंद केली की ती कोठे फुटते, याचे इतके मोठे उदाहरण भारताच्या औद्योगिक इतिहासात दुसरे नाही. [⟶ संप].

शासकीय सेवकांसाठी वेगळी व्यवस्था आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६० च्या संपानंतर, ब्रिटनमधील व्हिटली मंडळांच्या धर्तीवर, १९६६ मध्ये संयुक्त विचारविनिमय यंत्रणा सुरू झाली. सेवाविषयक वादांसाठी १९८५ च्या अधिनियमान्वये प्रशासकीय न्यायाधिकरणे स्थापन झाली व महाराष्ट्राचे न्यायाधिकरण १९९१ मध्ये अस्तित्वात आले.

लैंगिक छळाच्या तक्रारींनी या विषयात नवे प्रकरण जोडले. नायकिणीच्या वा जॉबरच्या हाताखालील स्त्रीला असे गाऱ्हाणे नेण्यास जागाच नव्हती आणि नंतरच्या समित्यांतही सर्व सदस्य पुरुष असत. राजस्थानातील एका ग्रामसेविकेवर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर ‘विशाखा’ व इतर संस्थांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांवर आधारलेल्या २०१३ च्या अधिनियमाने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक केली. तिची अध्यक्ष स्त्री असते, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. चौकशी ९० दिवसांत पुरी करावयाची असते. त्रयस्थ सदस्याची ही कल्पना सर्वसाधारण तक्रार समित्यांनी मात्र उचललेली नाही.

औद्योगिक कलह अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत उभयपक्षी तक्रार-निवारण समिती अखेर बंधनकारक झाली. १९५८ च्या आदर्श पद्धतीला कायद्याचे रूप मिळण्यास अशी बावन्न वर्षे लागली. हा अधिनियम, १९२६ चा कामगार संघ अधिनियम आणि १९४६ चा स्थायी आदेश अधिनियम यांच्या जागी आणलेली औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. तिच्यानुसार समितीत दोन्ही पक्षांचे समसमान, एकूण दहापर्यंत सदस्य असतात व स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. कामगाराला घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो, समितीने तीस दिवसांत काम पुरे करावयाचे असते व तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास साठ दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. स्थायी आदेशांची सक्ती मात्र आता तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच आहे. वीसहून कमी माणसांच्या कार्यशाळा, दुकाने व घरकाम यांत काम करणाऱ्यांना अशा समितीचा आधार मिळत नाही, तर कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तक्रार कंत्राटदाराकडे न्यावयाची की मूळ मालकाकडे, हा वाद वारंवार उपस्थित होतो. जॉबरच्या काळातील प्रश्नाशी त्याचे असलेले साम्य लक्षणीय आहे.